मदत हवी आहे: जास्वंदीचा संकर धरत नाही, बोंडं गळतात (ठाणे, बाल्कनी)

अबोली ठाणे

जास्वंदीचा हाताने संकर करायचा प्रयत्न चालू आहे. २२ फुलांवर परागण केलं, हाती एकही बी नाही. सगळी माहिती एकदमच देते, म्हणजे उलटतपासणीत वेळ जाणार नाही.

जागा: ठाणे पश्चिम, घोडबंदर रस्ता, सातवा मजला. बाल्कनी पूर्वेकडे, सकाळी साडेसात ते साडेअकरा थेट ऊन, नंतर नुसता उजेड. वारा भरपूर.

झाडं:
१. गावठी लाल, एकेरी. १४ इंची कुंडी, चार वर्षांची, दणकट.
२. पिवळी, मध्ये लाल डोळा, एकेरी, फूल तळहाताएवढं. नर्सरीत 'हायब्रीड' म्हणून मिळाली. ८ इंची कुंडी, दहा महिने झाले. सारखी आजारी.
३. अबोली रंगाची, डबल.
४. झुंबर जास्वंद (झालरीच्या पाकळ्यांची, खाली लोंबणारी).

माती ४०, कोकोपीट ३०, शेणखत ३० टक्के. दर आठवड्याला १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश समसमान), लिटरला २ ग्रॅम. पिठ्या ढेकणावर इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाच्या दोन फवारण्या झाल्या.

परागण ऑक्टोबरात, ५ ते २५ तारखेदरम्यान. १४ फुलं गावठी लाल आई धरून, सकाळी सातला, ब्रशने. त्यात पराग पिवळीचा किंवा अबोलीचा. उरलेली ८ पिवळी आई धरून, संध्याकाळी सहाला, पराग लाल किंवा झुंबरचा. लालवरची सगळी चौथ्या ते सहाव्या दिवशी देठासकट गळली. पिवळीवर झुंबरच्या परागाची दोन बोंडं फुगली, साधारण १८व्या दिवशी पिवळी पडून तीही गेली.

हेतू एवढाच: पिवळीचं फूल, लालचा काटकपणा. चुकतंय कुठे?

खारघर टेकडी

अबोलीताई, एवढी व्यवस्थित नोंद ठेवणारं कुणी भेटलं की उत्तर द्यायला बरं वाटतं. तुमच्याकडे एक नाही, तीन वेगळ्या अडचणी आहेत. त्या एकत्र मोजल्यामुळे कोडं वाटतंय.

पहिली: आई चुकली. आपली गावठी लाल जास्वंद बहुतेक ठिकाणी बी धरतच नाही. पिढ्यानपिढ्या ती फांदीने वाढवलेली आहे, घराघरांतली झाडं म्हणजे एकाच झाडाचे तुकडे म्हणा ना. शिवाय जास्वंदीत गुणसूत्रांची संख्या जातीजातीत वेगळी, ३६ पासून पार दीडशेच्या पुढेपर्यंत मोजलेली आहे. असा गोतावळा जमला की बीजांडं आणि पराग तयार होताना वाटणी समान पडत नाही, आणि झाड फुलाला दांडगं पण बीजाला वांझ राहतं. तुमची १४ फुलं इथेच गेली. चौथ्या-पाचव्या दिवशी देठाच्या सांध्यातून फूल गळणं म्हणजे फलनच झालं नाही.

दुसरी: वेळ. फूल सहा-साडेसहाला उमलायला लागतं, पण परागकोश (परागाच्या बारीक पिशव्या) फुटायला हवा कोरडी व्हावी लागते. आपल्याकडे ते आठ-साडेआठ ते दहाच्या सुमारास घडतं. सातला ब्रश फिरवला तर तो न फुटलेल्या कोशांवरून जातो, ब्रशला पिवळं काही लागतच नाही. संध्याकाळी सहाला उलटं: फूल मिटायच्या वाटेवर, कुक्षी (पराग जिथे लावायचा ते टोक) सुकलेली. नऊ ते अकरा या वेळात करा.

तिसरी: १८व्या दिवशी गळलेली दोन. हीच खरी चांगली बातमी आहे. फलन झालं होतं, म्हणजे पिवळी बी धरू शकते आणि झुंबरचा पराग जिवंत आहे. नंतर झाडाने बोंड टाकून दिलं. दोन-तीनच बीजं धरली असतील तर झाड ते बोंड पोसत नाही. दुसरं कारण ८ इंची कुंडी आणि सातव्या मजल्यावरचा वारा: दुपारपर्यंत कोकोपीट सुकतं, संध्याकाळी तुम्ही भरपूर पाणी घालत असाल, हे वर-खाली होणं बोंडाला सोसत नाही. तिसरं, दर आठवड्याचं १९:१९:१९. एवढ्या नत्राने पालवी फुटत राहते आणि सगळा जोर तिकडे जातो.

पाचरकलम

वरचं सगळं बरोबर. पण मला मूळ हेतूवरच बोलायचं आहे. "लालचा काटकपणा" संकरातून कशाला हवाय? तो मुळांचा काटकपणा आहे. पावसाळ्यात कुंडीत पाणी साचून मूळकूज होते तेव्हा नर्सरीच्या जाती बसतात आणि गावठी उभी राहते, एवढंच ना? मग गावठीच्या खुंटावर पिवळीचं पाचर कलम करा. खुंट रुजून तयार असला की तीन-चार आठवड्यांत काम होतं, आणि पिवळीचं फूल शंभर टक्के तसंच्या तसं मिळतं. संकर केलात तर काय मिळेल ते देवाला ठाऊक.

कलमाची कृती: गावठीची पेन्सिलएवढ्या जाडीची काडी आधी दीड-दोन महिने कुंडीत रुजवून घ्या. जमिनीपासून ४-५ इंचांवर आडवी छाटा, मधोमध एक इंच खोल चीर द्या. पिवळीची त्याच जाडीची, तीन-चार डोळ्यांची काडी घ्या, पानं काढा, खालचं टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचर करा. चिरीत बसवताना निदान एका बाजूची साल सालीला भिडली पाहिजे, मधोमध बसवलीत आणि दोन्हीकडे साल सुटली तर कलम वाळतं. कलमपट्टी घट्ट गुंडाळा, वर पारदर्शक पिशवी बांधा, थेट ऊन नको. ब्लेड नवं घ्या आणि स्पिरिटने पुसा. पिशवीच्या आत कोंब दिसला तरी लगेच उघडू नका, आधी कोपरा कापा, चार दिवसांनी पिशवी काढा.

अबोली ठाणे

पाचरकलम, हे डोक्यातच आलं नव्हतं. कलम करतेच. पण संकर सोडवत नाही, नवीन रंग पाहायचाय. पिवळी × झुंबर पुन्हा करू का? आणि पराग जिवंत आहे की नाही हे आधी कळायची काही सोय?

खारघर टेकडी

सोय आहे. कागदी फोल्डस्कोप किंवा शाळेतला साधा सूक्ष्मदर्शक चालतो. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून १ टक्का अ‍ॅसिटोकार्मिन (पराग रंगवायचं द्रावण) आणा. काचपट्टीवर थेंबभर, त्यात पराग झटका, पाच-दहा मिनिटं थांबा. भरलेले, गोल, लालसर रंग घेतलेले कण कामाचे. फिकट, चुरगळलेले, रिकाम्या फुग्यासारखे दिसतात ते मेलेले. शंभर कण मोजा. निम्मे तरी रंगले तर बाप म्हणून घ्या, दहा-वीसच रंगले तर दुसरा बाप शोधा. रंग घेतला म्हणजे रुजेलच असं नाही, पण वांझ बाप आधीच बाजूला पडतो. जास्वंदीचा पराग मोठा आणि काटेरी असतो, त्यामुळे स्वस्त भिंगातूनही स्पष्ट दिसतो. साध्या पाण्यात मात्र टाकू नका, पाणी शोषून फुटतो. पावसात परागण फसतं त्याचं हे एक कारण.

अबोली रंगाच्या डबलला बाप धरायचं असेल तर आधी फूल उलगडून बघा. डबल फुलात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, त्यामुळे पराग थोडा. कधीकधी मधल्या गर्दीत चार-सहा कोश लपलेले सापडतात, ते चिमट्याने काढून वापरता येतात. आई म्हणून डबल त्रासदायक, कुक्षीच सापडत नाही.

आता परागणाची पद्धत, क्रमाने:

आदल्या संध्याकाळी उद्या उमलणारी कळी निवडा. ती टोकाला रंग दाखवते आणि गुंडाळी सैल झालेली असते. आईच्या कळीवर जाळीची पिशवी चढवा, हळदीकुंकवाला वाण देतात तसली छोटी. हे कंटाळवाणं वाटतं, पण बाल्कनीत शिंजीर पक्षी येतात आणि तुमच्या आधी काम उरकतात. आईचा स्वतःचा पराग जोमदार असेल तर त्याच वेळी पाकळ्या हळूच बाजूला करून फुलाच्या मधल्या नळीवरचे कोश चिमट्याने खुडा. हे खुडणं कुक्षीच्या पाच गाद्यांच्या खाली थांबलं पाहिजे, नळी पिचकली तर फूल गेलं.

बापाचं फूल सकाळी उमलताच तोडा आणि घरात, पंख्यापासून लांब, कोरड्या ताटलीत ठेवा. जास्वंदीचं तोडलेलं फूल पाण्याशिवाय दिवसभर टवटवीत राहतं हे देवपूजेमुळे आपल्याला माहीतच आहे. हवा दमट असेल तर शेजारी टेबललॅम्प लावा, कोश लवकर फुटतात.

नऊनंतर बापाची नळीच हातात धरून आईच्या कुक्षीवर टेकवा. ब्रश नको, अर्धा पराग केसांतच अडकतो आणि दुसऱ्या संकराला तोच ब्रश वापरला की बापाचा पत्ता लागत नाही. पाचही गाद्या पिवळ्याधमक दिसेपर्यंत भरा. आतल्या पाच कप्प्यांत मिळून बरीच बीजांडं असतात, पराग कंजूसपणे लावला तर दोन बिया धरतात आणि मग तुमच्या १८व्या दिवसाची पुनरावृत्ती.

देठाला दोरा बांधून चिठ्ठी लावा: आई × बाप, तारीख. आईचं नाव नेहमी आधी. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, पेनाची शाई पंधरा दिवसांत उडते.

पाकळ्या वाळून गळाल्या, खालचा हिरवा पेला देठाला धरून राहिला आणि आठवड्याने आत गाठ लागली, की समजायचं धरलं. ठाण्यात मध्य नोव्हेंबर ते मध्य फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. ऑक्टोबरची उष्मा-दमट हवा ही तुमची चौथी अडचण होती खरं तर, वर मोजायची राहिली.

नेरूळचा वारा

खताबद्दल भर. बोंड धरल्यावर १९:१९:१९ बंद. जास्वंदीला स्फुरद कमी आणि पालाश जास्त मानवतं. १३:०:४५, लिटरला १ ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा पुरे. ८ इंची कुंडी १२ इंचीत हलवा, पण बोंड झाडावर असताना नाही. परागणाच्या महिनाभर आधी. मिश्रणात शेणखत ३० टक्के जास्त आहे, पावसात गच्च बसतं. २० करा आणि १० टक्के जाड वाळू किंवा विटांचा चुरा घाला. कुंडीवर वाळक्या पानांचं दोन इंच आच्छादन, म्हणजे दुपारी वाऱ्याने माती सुकणार नाही.

संकराच्या दिवसांत इमिडाक्लोप्रिड नको, फुलावर मधमाश्या येतात. पिठ्या ढेकूण थोडा असेल तर कापसाच्या बोळ्याला सर्जिकल स्पिरिट लावून टिपा. जास्त असेल तर कडुनिंब तेल लिटरला ५ मिली, त्यात साबणाचे दोन-चार थेंब, संध्याकाळी. फुगत्या बोंडाच्या पेल्यात हे ढेकूण हमखास लपतात, तिथे रोज बघा.

उगाच विचारतो

एक अडाणी प्रश्न. हे जे चाललंय ते जीएम झालं का? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर "हायब्रीड म्हणजे जीएम, देवाला वाहू नये" असा निरोप फिरतोय. आणि संकरच करायचा तर कोल्चिसिन का नाही लावत, त्याने फूल दुप्पट मोठं होतं म्हणे.

पाचरकलम

नाही. संकरात आई-बापाचं जे आहे तेच नव्याने पिसलं जातं, पत्ते पिसावेत तसं. जीएममध्ये प्रयोगशाळेत एखादं जनुक बाहेरून घालतात, आणि आपल्याकडे त्याला १९८६च्या पर्यावरण कायद्याखालच्या १९८९च्या नियमांनुसार केंद्राची मंजुरी लागते. भारतात शेतकऱ्यांच्या शेतात व्यापारी लागवडीसाठी आलेलं जीएम पीक म्हणजे बीटी कापूस, २००२ पासून. गंमत अशी की कपाशी ही जास्वंदीच्याच कुळातली. पण त्याच्या कितीतरी आधी, १९७० साली, सुरतला डॉ. सी. टी. पटेल यांनी कपाशीचा एच-४ हा संकरित वाण दिला तो निव्वळ हाताने. संध्याकाळी कळीतले पुंकेसर नखाने काढायचे, सकाळी दुसऱ्या जातीचा पराग लावायचा. अबोलीताई बाल्कनीत करतायत तेच, फक्त शेतभर आणि मजूर लावून. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची जास्वंदीची वाणंही अशीच हातसंकराची आहेत. देवाला खुशाल वाहा.

फुलझाडांत जीएम झालेलं नाही असं मात्र नाही. १९८७ मध्ये जर्मनीत कोलोनला मक्याचं एक जनुक पेटुनियात घालून नारिंगी रंग मिळवला होता. तो प्रयोग सगळे विसरले आणि २०१७ मध्ये फिनलंडच्या लक्षात आलं की बाजारात बिनपरवाना नारिंगी पेटुनिया विकली जातेय. जपानच्या सनटोरीचा तथाकथित निळा गुलाबही जीएम, २००९ मध्ये विक्रीला आला, आणि प्रत्यक्षात तो जांभळटच दिसतो. यावरून आठवलं, निळ्याशार जास्वंदीच्या बियांची पाकिटं ऑनलाइन मिळतात, घेऊ नका. गुलाबाला कंपनी आणि प्रयोगशाळा लागली, इथे फक्त फोटो रंगवलेला असतो. जास्वंदीत 'निळी' म्हणून जे आहे ते करडं-जांभळं.

कोल्चिसिन विष आहे. पेशी विभागताना गुणसूत्रं दोन टोकांना ओढणारे धागे ते बनू देत नाही, म्हणून संख्या दुप्पट होते, आणि माणसाच्या पेशीतही तेच करतं. घरात आणू नका. शिवाय जास्वंदीत आधीच गुणसूत्रांची गर्दी आहे, अजून दुप्पट करून झाड बहुधा आडवं पडेल. किरण देऊन बदल घडवण्याचं तंत्र वेगळं, ते खाडीपलीकडे ट्रॉम्ब्याला भाभा अणुसंशोधन केंद्रात वर्षानुवर्षं चालू आहे. त्यांनी पन्नासहून अधिक पीकवाणं दिली, भुईमुगाचा टीएजी-२४ त्यातलाच. पण हजारो रोपं लावून त्यातून एक उचलायला जमीन लागते, बाल्कनी नाही.

अबोली ठाणे

पिवळी × लाल केलं तर नारिंगी, हे गणित चालतं का? आणि बिया मिळाल्याच तर पुढे?

खारघर टेकडी

नाही चालत. पिवळा मुख्यतः कॅरोटिनॉइडचा, लाल-गुलाबी अँथोसायनिनचा. दोन वेगळी रंगद्रव्यं, वेगळ्या जनुकांची. अँथोसायनिन असलं की पिवळा त्याच्याखाली झाकला जातो, कधी नारिंगी दिसतो, कधी विटकरी, कधी नुसता लाल. मधला डोळा स्वतंत्रच उतरतो. मेंडेलच्या वाटाण्यासारखं ३:१ शोधू नका. जास्वंदीची प्रत्येक जात आधीच मिश्र रक्ताची, म्हणून एकाच बोंडातल्या दहा बियांना दहा तऱ्हेची फुलं येतात. झुंबर बाप असेल तर बऱ्याच पोरांत देठ लांब, फूल खाली झुकलेलं आणि पाकळीची कड थोडी कातरलेली येईल. ते नको असेल तर दुसरी एकेरी, परागाला चांगली जात बाप म्हणून आणा. घोडबंदरच्या नर्सऱ्यांत फुलावरचं झाड निवडताना बोटाला पराग लागतोय का एवढं पाहिलं तरी खूप.

बोंड दीड ते दोन महिन्यांत तपकिरी होतं आणि तडकतं. जाळीची पिशवी बांधूनच ठेवा, बिया बाल्कनीतून खाली जातात. बी ताजं पेरा. कवच टणक असतं: टोकदार बाजूला हात न लावता पाठीच्या गोल बाजूला नेलकटरने किंचित टवका काढा, पांढरं दिसलं की थांबा. कोमट पाण्यात ८ ते १२ तास. मग कोकोपीट आणि परलाइट समसमान, एक सेंटिमीटर खोल. चार ते दहा दिवसांत उगवतं. कोकोपीट आधी दोन-तीनदा धुऊन घ्या, क्षार असतात. रोप मातीलगत काळं पडून कोलमडतं ते पाणी जास्त झाल्याने. ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी) लिटरला ५ ग्रॅम, पेरतानाच एकदा द्या, लागण झाल्यावर उपयोग नाही. खरी चार पानं आली की ३ इंची कपात, पुढे ६ इंची पिशवीत. जानेवारीत पेरलंत तर जूनपर्यंत रोप पाऊस झेलण्याइतकं होतं. पहिलं फूल दहा महिने ते दीड वर्ष.

निवड करताना पहिल्या फुलावर निकाल देऊ नका, पहिलं फूल बऱ्याचदा लहान आणि रंगाने चुकार असतं. तीन-चार बहर बघा, एक थंडीतला आणि एक मे महिन्यातला. माझ्या मते रंग शेवटी पाहावा. आधी: कळ्या गळतात का, पूर्ण उमलतं का, मान टिकते का, पावसाळा काढतं का, छाट काडी रुजते का. यात नापास झालेलं रोप कितीही सुंदर असलं तरी काढा. सातव्या मजल्यावर वीस कुंड्या ठेवल्यात तर सोसायटीची नोटीस येईल, फुलं पाहायला जागा राहणार नाही.

नेरूळचा वारा

काढलेलं सुंदर रोप टाकू नका, त्याचं डोकं गावठीच्या खुंटावर बसवून बघा. मुळांनी नापास झालेलं कलमावर पास होऊ शकतं. कळ्या गळणारं मात्र खुंट बदलूनही सहसा सुधारत नाही.

अबोली ठाणे

ठीक. या शनिवारी गावठीच्या सहा काड्या रुजवायला लावते, पिवळी मोठ्या कुंडीत हलवते, परागण डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून. एकच शंका उरली: बापाचं फूल आज आणि आईचं परवा उमलणार असेल तर?

खारघर टेकडी

दुपारपूर्वी बापाचे फुटलेले कोश कात्रीने कापून कोरड्या छोट्या डबीत घ्या, सोबत सिलिका जेलची पुडी, आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये नको. एक-दोन दिवस नक्की चालतं. बाहेर काढल्यावर डबी लगेच उघडू नका. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत दव धरतं आणि पराग पाण्याने फुटतो.